अग्नि घरचा, हात परका

आमच्या बालपणीं पोलादपुरास घरोघर लाकडांची चूल होती. धूर दिसे, जाळ दिसे. धोका डोळ्यांपुढें असे. पुढें गॅसचा सिलिंडर आला. धूर गेला, सुनांचे डोळे वाचले. परंतु धोका अदृश्य झाला, हें आम्हां वडीलधाऱ्यांच्या नीट ध्यानांत आलें नाहीं. त्या अज्ञानाचें फळ आम्हांस कसें मिळणार होतें, तें वाचकांपुढें ठेवणें आम्ही कर्तव्य समजतों.

जुलै २०२१ मध्यें सावित्रीच्या महापुरानें महाड शहर बुडविलें. त्याच वर्षीं पावसाळा सरतां सरतां एक इसम आमच्या दारीं आला. 'कंपनीचा माणूस आहें, नळी तपासतों,' म्हणाला. आम्हीं ओळखपत्र मागितलें नाहीं. त्यानें नळी बदलली व पैसे थोडके घेतले, म्हणून आम्हीं त्यास चहाही पाजला.

तिसऱ्या दिवशीं पहाटे आम्ही देवघरांत समई लावण्यास बसलों. देवघर स्वयंपाकघरास लागूनच. वयोमानानें आमचें नाक मंद. आम्हांस कांहींच कळलें नाहीं. इतक्यांत धाकटी सूनबाई धांवत आली. "मामंजी, काडी ओढूं नका!" म्हणत तिनें आमच्या हातांतील काडेपेटी काढून घेतली. तिनें रेग्युलेटर बंद केला, दारें-खिडक्या उघडल्या, विजेच्या बटणास हात लावला नाहीं आणि मुलांस अंगणांत नेऊन तेथून १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि केला. गॅसगळतीची तक्रार या क्रमांकावर अहोरात्र घेतात.

हा वायु हवेहून जड असल्यामुळें वर न जातां जमिनीलगत पसरतो. आणि आपली समई तर जमिनीवरच असते! त्यास स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मरकॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य त्यांत मुद्दाम मिसळतात. बटण लावतांना वा बंद करतांना उडणारी ठिणगीही त्यास पेटविण्यास पुरेशी होते.

वितरकाकडील अधिकृत मेकॅनिक आला, त्यानें प्रथम ओळखपत्र दाखविलें. जुन्या नळीवर आयएसआय चिन्ह नव्हतें व तिचा सांधा ढिला होता. त्यानें तारेचें अस्तर असलेली सुरक्षा नळी बसविली, सांध्यांस साबणाचें पाणी लावून बुडबुडे येत नाहींत हें पाहिलें, आणि नळी पांच वर्षांनीं बदलावी असें बजाविलें. सिलिंडरवरील खूण वाचण्यासही शिकविलें : 'बी-२८' म्हणजे त्याची चांचणी जून २०२८ पर्यंत ग्राह्य, ए, बी, सी, डी हीं वर्षाचीं चार त्रैमासिकें.

आजारी मुलाची नाडी आपण वाटसरूच्या हातीं देत नाहीं. मग सर्व कुटुंब ज्यावर जेवतें, तो अग्नि अनोळखी हातीं कां द्यावा? चार पैशांच्या काटकसरीसाठीं आम्हीं तो दिला. सूनबाईनें जें केलें, तें घरांतील लहानथोरांस आजच सांगून ठेवावें, एवढीच आमची विनंति.