जुना फिल्टर, नवी कँडल

जुन्या वस्तू घेणाऱ्या माणसांचे दोन वर्ग असतात. एक, वस्तू जुनी आहे म्हणून घेणारे. आणि दुसरे, ती स्वस्त आहे म्हणून घेणारे. आम्हा प्राध्यापक मंडळींची गणना दुसऱ्या वर्गात होते, हे सांगायला नकोच. जुनी पुस्तके, जुनी कपाटे, जुनी सायकल हे सारे आम्ही निर्धास्तपणे घरात आणतो. पण पिण्याच्या पाण्याचा फिल्टर जुना घ्यावा की नाही, हा प्रश्न जरा वेगळा आहे. पुस्तकाचे एखादे पान फाटके निघाले तर तेवढे पान वाचायचे राहते. फिल्टर फुटका निघाला तर सारे घर अंथरूण धरते.

गेल्या वर्षी हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला. धाकटी बहीण बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात माहेरी यायची होती. दिवस पावसाळ्याचे. आमचे गाव तालुक्याचे. तेथे पहिल्या पावसाबरोबर नळाला गढूळ पाणी येते आणि वीज जाते. विजेवर चालणारे यंत्र अशा वेळी भिंतीची शोभा तेवढी वाढवते. म्हणून वरच्या भांड्यातले पाणी आपल्याच वजनाने खालच्या भांड्यात उतरवणारा साधा स्टीलचा कँडल-फिल्टर घ्यायचे ठरले. "घ्यायचा तर जुनाच घे. जुन्या स्टीलला वजन असतं," आईने निकाल दिला.

पेपरतपासणीच्या निमित्ताने पुण्याला गेलो, तेव्हा रविवार साधून जुना बाजार गाठला. पितळी घंगाळे, बंद पडलेली घड्याळे आणि शिवणयंत्रांची चाके यांच्यामध्ये जाड पत्र्याचा एक फिल्टर दिसला. झाकण घट्ट बसत होते, कुठे पोचा नव्हता. विक्रेता म्हणाला, "साहेब, आतल्या दोन कँडल फुकट देतो. एकदम चालू आहेत." मी भांडे घेतले आणि कँडल त्याला परत केल्या. फुकटची वस्तू परत करणारे गिऱ्हाईक त्याने बहुधा प्रथमच पाहिले असावे.

"भांडं जुनं चालतं, मग कँडल का नाही?" घरी आल्यावर आईने विचारले. प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरी पाणी गाळायला तिचे जुने लुगडेच चालत आले आहे. नवे कापड ती हंड्याच्या तोंडाला लावीत नाही. आणि तिची ही रीत शास्त्रानेही उचलून धरली आहे. बांगलादेशातील मतलब भागात रीटा कॉलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतील बायकांना जुन्या साडीची अनेकपदरी घडी करून पाणी गाळायला शिकवले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार, त्या खेड्यांत कॉलरा जवळजवळ निम्म्यावर आला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून राहतात, आणि ते जीव कापडात अडकतात. धुऊन धुऊन धागे विसविशीत झाले की विणीतली भोके लहान होतात; म्हणून या कामाला जुने कापड नव्यापेक्षा सरस.

कँडलचे नेमके उलटे. १८८४ साली पॅरिसमध्ये पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलाँ यांनी भाजलेल्या चिनी मातीची गाळणी तयार केली. १८९१ मध्ये जर्मनीत बर्कफेल्ड यांनी डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाच्या सांगाड्यांची माती त्यासाठी वापरली. आपल्या स्वयंपाकघरातली पांढरी कँडल याच कुळातली. चांगल्या कँडलची छिद्रे एक मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, बारीक असतात. त्यांत बहुतेक जिवाणू अडकतात. पण घासून घासून कँडल झिजते, आणि एखादा धक्का बसला की तिला केसाएवढी चीर जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, जंतूंना मात्र राजरस्ता मिळतो. जुनी कँडल एकाएकी भराभर पाणी देऊ लागली, तर कौतुक करू नये, संशय घ्यावा.

म्हणून कँडल नव्या आणल्या, रबरी वायसर नवे घातले आणि तोटीही बदलली. मग एक साधी परीक्षा घेतली. वरच्या भांड्यात कँडलच्या प्लास्टिकच्या बुडापर्यंतच पाणी ओतून अर्धा तास थांबलो. मातीचा भाग कोरडा असताना खाली थेंब पडला, तर तो वायसरच्या फटीतून, म्हणजे न गाळता आलेला समजावा. एका कँडलखाली थेंब पडलाच! नट आवळल्यावर तो थांबला.

एवढे करूनही मन निर्धास्त झाले नाही. १८९२ साली रशियन शास्त्रज्ञ दिमित्री इव्हानोव्स्की यांनी तंबाखूच्या रोगट पानांचा रस शांबरलाँ यांच्याच गाळणीतून गाळला. तरीही त्या रसाने निरोगी रोपांना रोग जडला. विषाणूंचा माग लागला तो असा, गाळणीच्या हातून निसटलेल्या रसातून. हेपटायटिस ई या काविळीचा विषाणू मायक्रॉनच्या सुमारे तिसाव्या भागाएवढा असतो. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीला यमुनेतून होणाऱ्या पाणीपुरवठ्यात सांडपाणी मिसळले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती याच विषाणूची, हे कित्येक वर्षांनी कळले. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही कावीळ जिवावर बेतू शकते. आमच्याकडे येणारी माहेरवाशीण नेमकी त्याच अवस्थेतली.

तेव्हा कामाची वाटणी झाली. गाळ आणि जिवाणू फिल्टरने अडवायचे. त्यानंतर बहिणीच्या पिण्याचे पाणी चांगले खळखळ उकळून झाकून ठेवायचे. आठवड्यातून एकदा कँडल साध्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासायची, साबण लावायचा नाही. खालचे भांडेही धुवायचे, कारण गाळलेले पाणी अस्वच्छ भांड्यात पुन्हा बिघडते. आईने हे काम स्वतःकडे घेतले आणि त्यासाठी शनिवार नेमून टाकला. भाद्रपदात बहीण सुखरूप बाळंत झाली. श्रेय फिल्टरला द्यावे की उकळीला, हा वाद आम्ही घातला नाही.

वाचकहो, जुना फिल्टर मिळाला तर अवश्य घ्या. पत्रा जाड आहे का, सांधे घट्ट आहेत का, झाकण नीट बसते का, हे पाहा. पाणी विहिरीचे किंवा बोअरचे असेल तर आधी तपासून घ्या. विरघळलेले क्षार आणि फ्लोराइड कँडलला जुमानत नाहीत. कँडल आणि वायसर मात्र नवेच आणा. त्यांचे पैसे आधीच हिशेबात धरा, म्हणजे घासाघीस करताना बळ येते. भांड्याने वीस वर्षे दुसऱ्याच्या घरी काढली असतील तर काही बिघडत नाही. आपल्या घरी त्याचा शनिवार पाळणारे कुणीतरी हवे, एवढेच.