बांबूच्या काट्यांनी शिकवलेली मोजणी

देशाचं २५.१७ टक्के क्षेत्र वन आणि वृक्ष आच्छादनाखाली आहे, असं भारतीय वन सर्वेक्षणाचा डिसेंबर २०२४ मध्ये आलेला अहवाल सांगतो. उपग्रहाच्या चित्रात किमान एक हेक्टरच्या तुकड्यावर निदान १० टक्के झाडांचं छत्र दिसलं, की ते वनाच्छादन. जमीन कुणाची नि झाड कुठलं, हे पाहिलं जात नाही. त्यामुळे म्हैसूरजवळचं नागरहोळेचं रान आणि शेजारच्या कोडगूतले सावलीतले कॉफीमळे, दोन्ही वनाच्छादनातच मोडतात.

पण आच्छादन म्हणजे फक्त आजचा साठा. विहिरीत आज पाणी किती, एवढ्यावर शेतकरी पिकाचं ठरवत नाही. झरा कसा चालतो तेही पाहतो. जंगलाचा झरा म्हणजे दरवर्षीची वाढ, आणि ती जमिनीवर उतरूनच मोजावी लागते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांचं नाव २०११ च्या पश्चिम घाट अहवालामुळे घरोघरी पोहोचलं. पण कर्नाटकात त्यांनी केलेली बांबूची पाहणी मला तितकीच मोलाची वाटते, आणि तिची आठवण फार कमी लोक काढतात.

१९७० च्या दशकात तिथले बुरूड बांबू मिळेनासा झाल्याची तक्रार करत होते. दांडेलीच्या कागद कारखान्याला मात्र तो सुरुवातीला दीड रुपया टन भावाने दिला गेला होता. साठा भरपूर असल्याचं वन खात्याचे आकडे सांगत. खरं काय ते शोधण्याचं काम राज्य सरकारने गाडगीळांवर सोपवलं.

सागाच्या खोडाला टेप लावला की वाढलेला घेर कळतो. बांबू पडला गवताच्या कुळातला. कोंब ज्या जाडीचा निघतो त्याच जाडीचा राहतो आणि एका हंगामात पूर्ण उंची गाठतो. म्हणून इथे वाढ मोजायची ती बेटागणिक: यंदा कोंब किती फुटले आणि त्यातले किती जगले? गाडगीळ आणि एस. एन. प्रसाद यांनी अशी पाहणी केली, तेव्हा कागदावरचा साठा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेला निघाला.

याहून मोठा शोध बेटाच्या बुडाशी लागला. कळकाच्या बुंध्याभोवती काटेरी फांद्यांचं जाळं असतं. बेट मोकळं होऊन वाढ सुधारेल, या समजुतीने खातं ते साफ करायला लावी. गावकरी सांगत, काटे काढले की कोवळे कोंब गुरं आणि रानातली जनावरं फस्त करतात. पाहणीत गावकऱ्यांचंच म्हणणं खरं ठरलं. काट्यांचं हे कुंपण कोणत्याही उपग्रहाला दिसलं नसतं!

पुढे १९८३ मध्ये गाडगीळांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिसरशास्त्र केंद्र उभारलं. त्यांचे विद्यार्थी रामन सुकुमार यांनी १९८८ मध्ये म्हैसूर-उटी रस्त्यावरच्या मुदुमलाईच्या जंगलात ५० हेक्टरचा तुकडा आखला. तिथे एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाडाची नोंद आहे. मेलेली आणि नव्याने आलेली झाडं दरवर्षी नोंदतात, जाडी दर चार वर्षांनी मोजतात. वणवा आणि हत्ती झाडांचं काय करतात, ते या नोंदींतून उलगडत गेलं.

नकाशे हवेतच, पण जंगल वाढल्याची बातमी वाचाल तेव्हा दोन प्रश्न जरूर विचारा: वाढलं ते नेमकं काय, आणि जमिनीवर जाऊन ते कुणी मोजलं?