उपग्रह पोचला, रस्ता राहिला

पुण्याहून तंजावर सुमारे १,२०० किलोमीटर. कोल्हापूर, हुबळी, बंगळूर, सेलम, तिरुचिरापल्ली अशी ही वाट हल्ली मोटरसायकलवरून करणारे मराठी भटके पुष्कळ आहेत. बृहदीश्वराच्या देवळातला १८०३ चा मराठी शिलालेख आणि तंजावरच्या मराठा सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय पाहायचे, हे निमित्त. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ असतेच, प्रश्न असतो ऐकायचे काय हा. एफएम केंद्र पन्नास-साठ किलोमीटरवर हातचे सुटते. घाटात मोबाइलचे इंटरनेट दगा देते. मग अमेरिकेतल्या कुणा नातेवाइकाची गोष्ट निघते: त्याच्या गोल्ड विंग मोटरसायकलवर उपग्रह रेडिओ आहे आणि देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच वाहिनी ऐकू येते. तसा संच आपल्या गाडीला बसेल का?

बसेल, पण वाजणार नाही. संच, बॅटरी, अँटेना यांत काही उणे नाही. उणीव आहे ती रस्त्याकडेच्या यंत्रणेची आणि ती उभारू देणाऱ्या धोरणाची. विशेष म्हणजे उपग्रह रेडिओ भारतात येऊन गेलेला आहे.

आला आणि गेला

नोआ समारा यांच्या ‘वर्ल्डस्पेस’ कंपनीने ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘आफ्रिस्टार’ आणि मार्च २००० मध्ये ‘एशियास्टार’ हे उपग्रह सोडले. आफ्रिका आणि आशियातल्या ज्या भागांत चांगला रेडिओ पोचत नाही तिथे तो थेट आकाशातून पोचवायचा, ही मूळ कल्पना. भारतातला कारभार बंगळूरहून चाले. ए. आर. रहमान यांनी कंपनीसाठी धून बांधली होती. हिंदुस्थानी संगीताला ‘गंधर्व’, कर्नाटक संगीताला ‘श्रुती’, जुन्या हिंदी गाण्यांना ‘फरिश्ता’ अशा वाहिन्या होत्या. वर्गणी भरली की जाहिरातींचा त्रास न होता तासन् तास राग ऐकायला मिळत. वीणा घडवणाऱ्या आणि कर्नाटक संगीताचे रचनाकार त्यागराज यांच्या तिरुवैयारूला खेटून असलेल्या तंजावरात ‘श्रुती’चे मोल वेगळे सांगायला नको.

भूगोलही अनुकूल होता. एशियास्टार विषुववृत्तावर १०५ अंश पूर्व रेखांशापाशी, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. गणित मांडले तर तंजावरहून तो पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून जवळजवळ ५७ अंश वर येतो. पुण्याहून ४८ अंशांच्या आसपास. उपग्रह जितका डोक्यावर, तितकी घरांची आणि झाडांची आड कमी. उत्तर अमेरिकेच्या वरच्या भागात विषुववृत्तावरचे उपग्रह याहून बरेच खाली दिसतात. म्हणजे उपग्रह रेडिओसाठी आकाशाची बाजू तंजावरची सरस होती.

मग गाडीवर का नाही?

वर्ल्डस्पेसचा संच घरातल्या खिडकीशी किंवा गच्चीवर ठेवायचा, अँटेना उपग्रहाकडे वळवायची आणि मग तिला हात लावायचा नाही, अशी रीत होती. लहरी १.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या. त्या सरळ रेषेत येतात. काँक्रीट आडवे आले की थांबतात, दाट पानांतून क्षीण होतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटरसायकल सेकंदाला २२ मीटर कापते. २० मीटर रुंदीच्या उड्डाणपुलाखालून जाताना जेमतेम एका सेकंदाची सावली पडते. जुन्या रेडिओत तेवढ्यात थोडी खरखर झाली असती. डिजिटल प्रक्षेपणात आवाज पूर्ण बंद होतो आणि संच पुन्हा लहर पकडेपर्यंत आणखी काही सेकंद जातात. चिंचेच्या झाडांच्या कमानीखालून जाणारा रस्ता असेल तर रागाचे तुकडेच कानावर पडतील.

अमेरिकेत या अडचणीला दोन उत्तरे शोधली. एक्सएम (२००१) आणि सिरियस (२००२) या कंपन्यांनी एकाहून अधिक उपग्रह वापरले. एक्सएमने एकच कार्यक्रम दोन उपग्रहांवरून पाठवताना त्यांत काही सेकंदांचे अंतर ठेवले. संच आधी आलेली प्रत साठवून ठेवतो; पुलाखाली एक बुडाली तरी दुसरी मागून येते आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. दुसरे उत्तर जमिनीवरचे. शहरांत इमारतींमुळे उपग्रह दिसत नाही, म्हणून तेच कार्यक्रम पुन्हा प्रक्षेपित करणारे मनोरे, म्हणजे रिपीटर, उभारले. दोन्ही कंपन्या २००८ मध्ये एक झाल्या आणि आजची सिरियसएक्सएम तयार झाली.

भारतात घोडे अडले ते या दुसऱ्या उत्तरापाशी. रिपीटर म्हणजे जमिनीवरचे प्रक्षेपण. त्याला परवाना हवा आणि परवान्याला धोरण हवे. दूरसंचार नियामक संस्था ‘ट्राय’ने २००५ मध्ये उपग्रह रेडिओबाबत शिफारसी केल्या, पण चालत्या वाहनांपर्यंत सेवा नेईल असे धोरण प्रत्यक्षात आले नाही. कंपनीला घरातल्या श्रोत्यांवरच भागवावे लागले. तोवर एफएम केंद्रांची संख्या वाढत होती आणि गाणी मोबाइलमध्ये शिरली होती. फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी वर्गणी भरायला घरबसले लोक फार नव्हते. ज्यांना खरी गरज, ते रस्त्यावर होते. ऑक्टोबर २००८ मध्ये कंपनीने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी भारतातली सेवा बंद झाली.

आज काय करावे?

‘घरच्या डिश अँटेनावर आकाशवाणी लागते, तीच गाडीवर लावू’ असेही कुणी सुचवते. डीडी फ्री डिशवर आकाशवाणीच्या वाहिन्या आहेत, हे खरे. पण त्या थाळीची नजर फार अरुंद असते; दोन-तीन अंश ढळली की चित्रही जाते आणि आवाजही. वळणावळणाने कलणाऱ्या दुचाकीवर ती टिकणे शक्य नाही.

तेव्हा गाडीवर तीन गोष्टींची सोय करावी. पहिली, मोबाइलवर न्यूजऑनएअर ॲप. त्यात २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झालेली आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. ‘गंधर्व’ आणि ‘श्रुती’ यांची उणीव बऱ्याच अंशी भरून काढणारी ही वाहिनी आहे, तीही विनावर्गणी. दुसरी, जिथे इंटरनेट नसेल त्या पट्ट्यांसाठी आधी उतरवून ठेवलेले ध्वनिमुद्रण. तिसरी, मुक्कामासाठी बॅगेत मध्यमलहरींचा छोटा ट्रान्झिस्टर. एफएम सुटते तिथेही मध्यमलहरी लांबवर पोचतात, रात्री तर फारच. पौष वद्य पंचमीच्या सुमारास तंजावरला असाल तर तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेचे थेट प्रक्षेपण आकाशवाणीवर ऐकावे. जमल्यास १३ किलोमीटर जाऊन प्रत्यक्षच ऐकावे.

जोडणीबाबतही थोडे. मोबाइलच्या चार्जरची वायर थेट बॅटरीला जोडली तर किल्ली काढल्यावरही वीज खर्च होत राहते. ती रिलेमार्फत, किल्लीबरोबर चालू-बंद होईल अशी घ्यावी आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकावा. वायरी इग्निशन कॉइलपासून लांब न्याव्यात, नाहीतर प्लगची टकटक आवाजात उतरते. जोडांना जलरोधक कनेक्टर वापरावेत. कावेरीच्या खोऱ्यात ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे आपल्याकडचा पावसाळा संपल्यावर निघणाऱ्याला तो तिथे गाठतोच. आवाज इतकाच ठेवावा की मागच्या बसचा हॉर्न ऐकू येईल.

आणि परदेशातून कुणी सिरियसएक्सएमचा संच आणून देतो म्हणाला, तर नम्रपणे नको म्हणा. त्याचे उपग्रह उत्तर अमेरिकेसाठी प्रक्षेपण करतात. तंजावरच्या रस्त्यावर त्या संचाला ऐकण्यासारखे काहीच नाही. ते पैसे चांगल्या हेल्मेटवर खर्च करा.