मुठीएवढ्या डबीतला खर्ज

घरात रेडिओ घ्यावयाचा तर एके काळी आधी त्याचे लाकडी कपाट पाहिले जाई. पॉलिश कसे आहे, पुढची जाळी कोणत्या रंगाची आहे, वर भरतकामाचा रुमाल शोभेल की नाही, याची चर्चा आटोपल्यावर मग आवाजाची पाळी येई. आज गाण्याची पेटी तळहातावर मावते, तारेवाचून वाजते आणि हजार-दीड हजार रुपयांत मिळते. पण आपली निवडण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. रुमालाची जागा आकड्यांनी घेतली आहे, इतकेच. खोक्यावर ‘दहा वॉट’, ‘बारा तास’, ‘दणदणीत बेस’ असे छापलेले असते. दुकानदार एखादे ढोलताशांचे गाणे लावतो, काउंटरची काच थरथरते आणि आपला हात आपोआप पाकिटाकडे जातो.

आमच्या घरी ब्लूटूथ स्पीकरची खरेदी निघाली ती आईसाठी. तिचे वय ब्याऐंशी. डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराने दोन वर्षांपूर्वी तिचे वाचन सुटले. ग्रंथालयाचे पुस्तक आठवड्यातून दोनदा बदलणाऱ्या बाईवर भिंतीकडे पाहत बसण्याची वेळ आली. फोनवर कथा, कीर्तने, जुनी गाणी सारे काही मिळते. पण फोनचा स्वतःचा आवाज किरटा. तेव्हा ही वस्तू तिच्या दृष्टीने करमणुकीची नव्हती. गेलेले वाचन कानावाटे परत मिळते की नाही, असा तो प्रश्न होता.

म्हणून तीन स्पीकर पंधरा दिवस घरात ठेवून पारखले. एक भाच्याचा, एक शेजाऱ्यांचा आणि एक दुकानातून परत करण्याच्या बोलीवर आणलेला. मुलीने त्यांचे बारसे केले. जाडजूड, दणका देणारा तो ‘पैलवान’. साबणाच्या वडीसारखा चपटा तो ‘वडी’. आणि तिसरे ‘नळकांडे’. कंपन्यांची नावे सांगत नाही, कारण ही मॉडेले वर्षभरात बदलतात. पारखण्याची रीत मात्र टिकते.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मुठीएवढ्या डबीतून खराखुरा खर्ज निघणे कठीण असते. तंबोऱ्याचेच उदाहरण घ्या. गायकाने काळी एकमध्ये तंबोरा लावला, तर जोडीच्या तारा सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे सुमारे ६९ वेळा. इतका संथ कंप मोठ्याने ऐकवावयाचा तर पुष्कळ हवा हलवावी लागते. जुन्या मोठ्या रेडिओत त्यासाठी रुंद कागदी शंकू असे. आजच्या डबीतला शंकू जेमतेम दीड-दोन इंचांचा. सेकंदाला शंभर कंपांच्या आसपास आला की त्याचा दम संपू लागतो. तरीही डोळे मिटून ऐकले तर खर्ज ऐकू येतोच! हे कसे? तार एकच सूर देत नाही. तिच्यातून दुप्पट, तिप्पट, चौपट कंपांचे स्वरही उमटतात. ते वरचे स्वर कानावर पडले की मेंदू त्यांचा हिशेब मांडतो आणि गैरहजर खर्जाची हजेरी स्वतःच लावून टाकतो.

निसर्गाने दिलेल्या या सवलतीचा फायदा कारखानदार दोन रीतींनी घेतात. काही जण डबीच्या टोकांना विजेची जोडणी नसलेल्या पडद्या बसवतात. आत दाबली गेलेली हवा त्यांना हलवते आणि खालच्या स्वरांना थोडा आधार मिळतो. यांना ‘पॅसिव्ह रेडिएटर’ म्हणतात. आमच्या नळकांड्याला दोन्ही टोकांना ते होते. दुसरी रीत अधिक स्वस्त. विजेच्या करामतीने शंभर-दीडशे कंपांच्या आसपासचा सारा आवाज फुगवून ठेवावयाचा. दुकानात काच थरथरते ती बहुधा त्यामुळे. पैलवानाचे बळ या दुसऱ्या जातीचे होते.

वॉटच्या आकड्याने तर दिपून जाऊच नये. पाच वॉटचे दहा केले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही. तो तीन डेसिबलने वाढतो, म्हणजे फरक कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटावा यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. शिवाय दोन आवाजांपैकी जो किंचित मोठा, तोच आपल्याला अधिक चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड. म्हणून आम्ही फोनवरच्या ध्वनिमापकाने तिन्ही स्पीकर हातभर अंतरावर सारख्याच आवाजाला आणले आणि मगच ऐकावयास बसलो. एवढे करताच पैलवानाचा निम्मा रुबाब उतरला.

पहिली परीक्षा ‘गीतरामायणा’ची. पुणे आकाशवाणीवरून १९५५ साली सुरू झालेली ही गीतमाला शब्दांवर उभी आहे. सुधीर फडक्यांचा स्वर पैलवानावर भारदस्त वाटे. पण जणू गळ्यात मफलर गुंडाळून गात असावेत तसा. वडीवर शब्द न् शब्द सुटा. मात्र आवाज पाऊणच्या वर नेला की वरचे स्वर चरचरत. नळकांड्यावर काहीच डोळ्यांत भरण्याजोगे नव्हते. गाणारा माणूस समोर बसून गातो आहे, इतकेच.

दुसरी परीक्षा खरी महत्त्वाची. मी वीस शब्द फोनवर माझ्याच आवाजात भरून ठेवले : साप, शाप, ताप, थाप, पाट, फाट, भात, हात असे, एकमेकांच्या अंगावर पडणारे. आईला पाठमोरे बसवले आणि कोणता स्पीकर चालू आहे ते न सांगता, दर वेळी शब्दांचा क्रम बदलून, ऐकलेला शब्द म्हणावयास सांगितले. वडीवर तिने वीसपैकी सतरा बरोबर सांगितले, नळकांड्यावर सोळा. पैलवान लावला आणि चौथ्या शब्दाला ती म्हणाली, “अरे, तू सुपारी केव्हापासून खायला लागलास?”

पैलवानाला मिळाले अकरा.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मराठी शब्दातला ‘आ’, ‘ओ’ यांचा भरणा खालच्या कंपांत असतो. पण साप की शाप, ताप की थाप हे ठरविणारी व्यंजने बरीचशी सेकंदाला दोन हजार कंपांच्या वर राहतात. म्हातारपणी कान आधी गमावतो ते हेच वरचे कंप. “ऐकू येतं रे, पण कळत नाही,” असे वडीलधारी माणसे म्हणतात, आणि आपण समजतो की लक्ष नसेल. अशा कानापुढे फुगवलेला बेस ठेवला, की उरलीसुरली व्यंजनेही त्याच्या दणक्याखाली झाकली जातात. मग आपण आवाज आणखी वाढवतो. दणका वाढतो, शब्द तिथेच राहतो.

आवाज वाढविण्याआधी अंतर कमी करून पाहावे. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आवाज सहा डेसिबलने वाढतो. तेवढ्यासाठी वीज चौपट लागली असती. खोलीत भिंतींवरून आवाज परतत असल्याने हा लाभ थोडा कमी भरतो, तरी फुकटाचा असतो. आईचा स्पीकर आम्ही खोलीपलीकडच्या कपाटावरून तिच्या उशाच्या स्टुलावर आणला. शेजाऱ्यांची झोपही वाचली. स्पीकर कोपऱ्यात सरकवला तर खालचा आवाज फुगतो, हेही तेव्हाच कळले. पोकळ टेबल स्वतःच घुमू लागते. खाली चौघडी रुमाल घातला की गप्प बसते. म्हणजे भरतकामाच्या रुमालाला अखेर काम मिळाले म्हणावयाचे!

आता बांधणी. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी बटणे ही पहिली कसोटी. पैलवानाची बटणे गुळगुळीत पृष्ठभागावर नुसती चितारलेली. बोटाला थांगच लागेना. नळकांड्याची बटणे उठावाची, अधिक-वजाची खूण चाचपून कळणारी. डबी कानाशी धरून हलवावी, आत काही खुळखुळता कामा नये. रबराचा मऊ मुलामा हाताला छान लागतो. पण आपल्या दमट हवेत असला मुलामा काही वर्षांत चिकट होऊ शकतो, त्यापेक्षा कापडी जाळी बरी.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दापुढचा आकडा वाचावा. आयपीएक्स ५ म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यापुरते संरक्षण. आयपीएक्स ७ म्हणजे गोड्या पाण्यात एक मीटर खोलीपर्यंत अर्धा तास. मधला ‘एक्स’ म्हणजे धुळीची कसोटी नोंदवलेली नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्याची हमी यात कुठेच नसते. चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण असेल, तर ते सैल झाल्यावर आकड्याचा उपयोग उरत नाही.

खोक्यावरचे तास बहुधा अर्ध्या आवाजाचे असतात. नळकांड्यावर बारा तास छापलेले. आईला लागणाऱ्या आवाजात ते पावणेआठ तास चालले. तिच्या दोन दिवसांच्या ऐकण्याला तेवढे पुरते. वडी साडेतीन तासांतच मान टाकी. बहुतेक स्वस्त डब्यांतली बॅटरी घरी बदलता येत नाही आणि काही शे वेळा चार्ज झाल्यावर तिची ताकद उतरू लागते. तेव्हा दुरुस्ती कुठे होते ते आधीच विचारावे. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी या वस्तूंना सक्तीची आहे. ‘आर’ अक्षराने सुरू होणारा तिचा क्रमांक डबीवर किंवा खोक्यावर शोधावा. बॅटरी फुगल्यासारखी वाटली तर मात्र मोह न धरता वापर थांबवावा.

आणखी एक बारीक गोष्ट. हे स्पीकर ओळखीचा फोन विसरत नाहीत. एका संध्याकाळी आईच्या फोनची बॅटरी संपली आणि नेमका भाचा दारात उभा राहिला. कीर्तनकार पूर्वरंग संपवतात न संपवतात तोच पैलवानातून क्रिकेटचे समालोचन सुरू झाले! जुने फोन स्पीकरच्या स्मृतीतून पुसून टाकले की हा उपद्रव टळतो. दूरदर्शन संचाला जोडणार असाल तर ओठ आणि शब्द यांची गाठ पडते ना, तेही पाहून घ्यावे. ब्लूटूथने आवाज किंचित उशिरा पोचतो.

शेवटी ठेवले ते नळकांडे. शब्दांच्या परीक्षेत वडी एका गुणाने पुढे होती खरी. पण अर्ध्या तासानंतर “कानात टोचतं” म्हणून आईच ती बंद करी. नळकांड्यावर तिने एक अख्खी कादंबरी ऐकून संपविली आणि शेवट पटला नाही म्हणून लेखकाला नावेही ठेवली. हे काम कोणत्याही आकड्याने खोक्यावर छापता येत नाही.

दीड हजारांच्या डबीकडून मैफलीची अपेक्षा धरू नये. एकाच ठिकाणाहून येणाऱ्या आवाजाला तंबोरा डावीकडे आणि तबला उजवीकडे ठेवता येत नाही. ती श्रवणयंत्राची जागाही घेणार नाही. जवळ ठेवूनही शब्द कळत नसतील तर कानांची तपासणीच करावयास हवी. पण मानवी आवाज स्वच्छ, न टोचता, तासन् तास ऐकविणे एवढे तिला जमते, आणि तेवढेच तिच्याकडून कसून मागावे. वाचकहो, या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी असली डबी घेणार असाल, तर दुकानात ढोलताशा लावू देऊ नका. साधे बोलणे लावा, आवाज बेताचा ठेवा, आणि ज्याच्यासाठी घ्यावयाची त्याला बरोबर न्या. कान त्याचे, निवडही त्याचीच असू द्या.