बचावाची रेषा कुठे आखायची?

पालघर-बोईसरकडच्या माणसाला बचाव म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आमच्याकडे गावोगावी कबड्डी आहे आणि किनाऱ्याने केळवे, माहीम, शिरगाव, तारापूर अशी किल्ल्यांची रांग आहे. बचाव म्हटला की डोळ्यांसमोर उभी राहते ती भिंत, नाहीतर हातात हात गुंफून मागे दबा धरलेली साखळी. फुटबॉल मात्र मी इथे आल्यावर शिकलो, तोही बँकेच्या टेबलामागे बसून. बोईसरच्या शाखेत मी काही वर्षं अधिकारी होतो. तारापूरचं अणुवीजकेंद्र १९६९ साली सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढत गेली, तशी केरळातून, बंगालमधून माणसं नोकरीला येऊन इथलीच झाली. वर्ल्ड कपच्या दिवसांत पासबुक भरायला आलेला बंगाली फोरमन आणि ड्राफ्ट काढायला आलेला मल्याळी सुपरवायझर यांची माझ्यासमोरच जुंपायची. खाली शिपाई टोकन पुकारतोय आणि या दोघांना भान नाही. वाद बहुतेक वेळा एकच असायचा : बचावफळीने आपल्या गोलजवळ मागे बसून राहावं, की मैदानाच्या मध्याकडे वर सरकावं?

ज्या वाचकांना फुटबॉल म्हणजे बावीस जणांनी एका चेंडूमागे धावणं एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी थोडी बाराखडी. या वादाच्या मुळाशी ऑफसाईडचा नियम आहे. आपला सहकारी चेंडू पुढे देतो त्या क्षणी, प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात चेंडूच्याही पुढे असलेल्या आघाडीवीराच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे निदान दोघे जण हवेत. दुसरा जण अगदी बरोबरीत असला तरी १९९०पासून ते चालतं. या दोघांतला एक बहुधा गोलरक्षकच असतो. म्हणजे शेवटचा बचावपटू जिथे उभा आहे, तिथे मैदानभर एक न दिसणारी रेषा आखली जाते, आणि तो चार पावलं पुढे सरकला की रेषाही सरकते. १९२५पर्यंत दोघांऐवजी तिघांची अट होती. तेव्हाच्या बिलंदर बचावपटूंनी नुसतं पुढे सरकून आघाडीवाल्यांना असं जेरीस आणलं की गोलच आटले. शेवटी तिनाचे दोन करावे लागले.

आता मागे बसणाऱ्यांचं म्हणणं पाहू. आपल्या पाठीमागे मोकळी जागाच ठेवायची नाही, मग समोरचा पळणार कुठे? कितीही वेगवान असो, वीस मीटरच्या गर्दीत त्याचा वेग काय कामाचा? चार-पाच जणांची एक ओळ, तिच्यापुढे आणखी चौघांची, मधून चेंडू जायला फट नाही. २०२२च्या विश्वचषकात मोरोक्कोने हेच केलं. स्पेनने त्यांच्यासमोर एकशेवीस मिनिटांत हजारावर पास दिले, गोल एकही नाही. उपांत्य फेरीपर्यंत मोरोक्कोवर एकच गोल झाला होता, तोही त्यांच्याच खेळाडूकडून. आपल्या भारतीय संघाने १० सप्टेंबर २०१९ रोजी दोह्याला, त्या वर्षीच आशियाई विजेत्या झालेल्या कतारला शून्य-शून्य असं रोखलं, तेही सुनील छेत्री नसताना. कतारवाले फटक्यामागून फटके मारत होते आणि गुरप्रीतसिंग संधू ते अडवत होता. त्या रात्री कुणी आपल्या पोरांना भित्रं म्हटलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

कबड्डीवाल्याला हे लगेच पटतं. पण एक फरक तो विसरतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला निदानरेषा ओलांडावीच लागते आणि हाताशी सेकंद तीसच असतात. तो येणारच, म्हणून वाट पाहणं शहाणपणाचं. फुटबॉलमध्ये येण्याची कुणावर सक्ती नाही. समोरचा संघ दहा-दहा मिनिटं चेंडू या बगलेकडून त्या बगलेकडे फिरवत राहतो, आणि मागे बसलेले दहा जण त्याच्याबरोबर नुसते सरकत राहतात. पायांपेक्षा आधी लक्ष थकतं. शिवाय चेंडू कसाबसा परतवला तरी पुढे तो घ्यायला आपलं माणूस नाही, सगळे घरात. चेंडू भिंतीवर आपटल्यासारखा परत येतो.

वर सरकणारे म्हणतात, मैदान १०५ मीटर लांबीचं आहे हे कुणी सांगितलं? आपली शेवटची ओळ मध्यरेषेजवळ नेली की खेळ तीस-पस्तीस मीटरच्या पट्ट्यात कोंबला जातो. चेंडू ज्याच्याकडे आहे त्याच्यावर लगेच दोघं धावून जातात, त्याला मान वर करून बघायलाही सवड मिळत नाही. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध हे धाडस केलं. मेस्सीने सुरुवातीलाच पेनल्टीवर गोल केला, पण त्यानंतर पूर्वार्धातच अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाईड म्हणून रद्द झाले. पूर्ण सामन्यात त्यांचे खेळाडू दहा वेळा या सापळ्यात सापडले आणि सौदीने सामना २-१ असा जिंकला. अर्थात हेही सांगितलं पाहिजे, की सौदी पुढचे दोन्ही सामने हरून घरी गेले आणि अर्जेंटिना विश्वविजेता झाला.

वर सरकण्याची एक अट आहे, ती आमच्या त्या फोरमनने मला टेबलावरच्या टाचणीच्या डब्या मांडून समजावली होती. चेंडूवाल्यावर दबाव असेल तरच रेषा वर. तो मोकळा असेल तर तो आरामात मान उचलून तुमच्या डोक्यावरून चेंडू टाकणार आणि मागे चाळीस मीटरचं रान मोकळं. म्हणजे बचावफळी वर आणि आघाडीचे दोघं कंबरेवर हात ठेवून उभे, असं चालत नाही. आघाडीवीर आळशी असेल तर त्याची किंमत पार मागे उभा असलेला बचावपटू मोजतो, आणि पाहणाऱ्याला दिसतो तो बचावपटूच.

आपल्याकडे या दोन पंथांची सरळ गाठ पडली ती २०२०-२१च्या इंडियन सुपर लीगमध्ये. कोविडमुळे सगळी स्पर्धा गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाली. एकीकडे सर्जिओ लोबेराची मुंबई सिटी : चेंडू आपल्याकडे, ओळ वर. दुसरीकडे अंतोनिओ हबासचा एटीके मोहन बागान : आधी दार लावून घ्या, मग संधी मिळाली की झडप. वीस सामन्यांनंतर दोघांचे गुण सारखे, चाळीस. आकडे पाहिले तेव्हा माझ्यातला बँकवाला जागा झाला. बागानने पंधरा गोल खाल्ले होते, मुंबईने अठरा. म्हणजे एवढी जोखीम घेऊन मुंबईने साऱ्या हंगामात जादा खाल्ले ते फक्त तीन, आणि जादा केले ते सात : अठ्ठावीसच्या जागी पस्तीस. आपसातल्या सामन्यांच्या जोरावर मुंबईला पहिला क्रमांक मिळाला.

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला अंतिम सामना झाला तो तर अभ्यासाला ठेवावा असा. पहिला गोल मुंबईवर झाला. अहमद जाहू आपल्याच गोलजवळ चेंडू घेऊन रेंगाळला, रॉय कृष्णाने तो हिसकावला आणि डेव्हिड विल्यम्सने मारला. पुढून खेळण्याची ही किंमत. थोड्याच वेळात त्याच जाहूने बागानच्या बचावामागे लांब चेंडू टाकला आणि तो अडवताना तिरीने डोक्याने आपल्याच जाळ्यात घातला. नव्वदाव्या मिनिटाला पुन्हा लांब चेंडू. बागानचा गोलरक्षक पुढे धावून आला, पण ओगबेचेने चेंडू मिळवला आणि बिपिनसिंगने रिकाम्या गोलात ढकलला. २-१. ज्यांनी वर्षभर आपल्या पाठीमागची जागा जपली, ते दोन्ही वेळा पाठीमागे पडलेल्या चेंडूनेच गेले. यावरून मागे बसणं चूक असा निकाल कुणी काढू नये. तसा एका सामन्यावरून निकाल काढायचा तर सौदी अरेबियाला चषक द्यावा लागेल.

हा वाद आता माझ्या घरात आला आहे. चौदा वर्षांची नात पालघरच्या मुलींच्या एका संघात बचावफळीच्या मधोमध खेळते. उंच आहे, खेळ समजतो, पण पळण्यात मध्यम. तिचे शिक्षक मुलींना वर सरकायला शिकवतात. एका सामन्यात चेंडू तिच्या डोक्यावरून गेला, समोरची बारीकशी पोर वाऱ्यासारखी निघून गेली आणि गोल झाला. कडेला उभे असलेले पालक, त्यांत माझे दोन शेजारीही होते, एका सुरात ओरडले, "मागे राहायचं ना गं!" रात्री जेवताना तिने पानातली भाजी चिवडत विचारलं, "आबा, आम्ही मागेच उभ्या राहिलो असतो तर गोल झाला नसता का?"

मी म्हटलं, "झालाही असता. पण मग तो कुणाचा आहे ते कळलं नसतं."

ती विचारात पडली. मला खरं तर एवढंच सांगायचं होतं. गर्दीत झालेल्या गोलाला बाप नसतो. कुणाच्या तरी गुडघ्याला लागून, कुणाच्या तरी पायाखालून चेंडू जातो, पाच जणी एकमेकींकडे पाहतात. वर सरकलेल्या ओळीत गोल झाला की एकटी मुलगी चाळीस मीटर पाठलाग करताना साऱ्या गावाला दिसते. मी हे बँकेत फार जवळून पाहिलं आहे. तारापूरच्या वसाहतीतल्या एखाद्या लहान कारखानदाराला दिलेलं कर्ज थकलं की फाईल निघते, शिफारस कुणाची, सही कुणाची, सगळं तारखेवार सापडतं. पण चांगल्या माणसाला कर्ज नाकारलं आणि तो दुसऱ्या बँकेत जाऊन मोठा झाला, तर त्याची फाईलच नसते. न दिलेल्या कर्जावर ऑडिटर शेरा मारत नाही. म्हणून साहेबलोक मागे बसायला शिकतात. त्यांच्यातल्या कितीतरी जणांना मी भित्रा म्हणणार नाही, घरी दोन मुलं आणि बदलीची टांगती तलवार असली की माणूस हिशेब करतोच. फक्त त्या हिशेबाला बँकेच्या हिताचं नाव देऊ नये.

मोरोक्कोची गोष्ट वेगळी. विश्वचषकाचा सामना एकदाच असतो, हरलात की विमानतळ. समोर आपल्यापेक्षा सरस माणसं असतील तर दार लावून बसण्यात लाज नाही. चौदा वर्षांच्या मुलींना मात्र पुढच्या रविवारी पुन्हा खेळायचं असतं. दहा जणींनी गोलसमोर गर्दी केली तर शून्य-शून्य होईल, पण चेंडू पायात घेऊन मान वर करायला त्या शिकणार कधी? म्हणून मी तिच्या शिक्षकांच्या बाजूचा आहे. त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं की त्या गोलानंतर ते नातीला काहीच बोलले नव्हते. बोलले होते ते पुढच्या दोघींना, चेंडूवालीवर का धावलात नाही म्हणून. आणि गोलरक्षक मुलीला, गोलरेषेवर खिळून का राहिलीस म्हणून. ओळ वर असली की तिने पेनल्टीच्या चौकोनाच्या कडेपर्यंत यायचं असतं, म्हणजे डोक्यावरून आलेल्या चेंडूवर पहिला पाय तिचा पडतो. कडेच्या पालकांपैकी कुणाचं लक्ष त्या तिघींकडे गेलं नव्हतं.

पावसाळ्यात मात्र ते स्वतःच ओळ दहा पावलं मागे घेतात. आमच्याकडचा पाऊस वाचकांना ठाऊक आहेच. टणक मैदानावर डोक्यावरून टाकलेला चेंडू टप्पा खात गोलरक्षकाकडे जातो. जुलैत तोच चेंडू डबक्यात पडून जागच्या जागी थांबतो आणि पाठलाग करणारीला आयता मिळतो. वळायला जावं तर बचावपटूचा पाय चिखलात रुतलेला. दिवाळीनंतर मैदान वाळलं, टाच मारल्यावर आवाज यायला लागला, की मुली पुन्हा वर सरकतात. नात हल्ली घरी निघताना आधी मैदान कसं आहे ते विचारते, समोरचा संघ कोणता ते नंतर.