बातमीदाराला वाली कोण?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला आणि खंडाळा, लोणावळा, मावळातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला. जिथे जमिनीला भाव येतो तिथे दलाल येतात, खोटे दस्त येतात आणि पाठोपाठ गुंडही येतात. स्वस्त होतो तो फक्त हे उघड करणाऱ्याचा जीव!

तळेगाव दाभाडेच्या सतीश शेट्टी यांनी माहिती अधिकाराच्या बळावर या जमिनींचे गैरव्यवहार चव्हाट्यावर आणले. ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी लोणावळ्याच्या पोलिसांकडे तक्रार दिली. पोलीस संरक्षणही मागितले. ते मिळाले नाही. १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला निघालेल्या शेट्टींचा खून झाला. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. तपास सीबीआयकडे गेला. सीबीआयने २०१४ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तपास पुन्हा उघडला आणि २०१८ मध्ये पुन्हा तसाच अहवाल दिला.

शेट्टी पत्रकार नव्हते, असे कोणी म्हणेल. पण तालुक्यातली बातमी अशाच माणसाने काढलेल्या कागदावर उभी राहते. तो मेला की बातमीही मरते. कोकणात राजापूरला रिफायनरीच्या जमिनींवर लिहिणारे शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी गाडीने चिरडले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती जमिनीच्या दलालाला. त्याच्याविरुद्ध वारिशेंची बातमी त्याच सकाळी छापून आली होती.

महाराष्ट्राने पत्रकारांच्या संरक्षणाचा कायदा २०१७ मध्ये विधिमंडळात मंजूर केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. पण पत्रकार कोणाला म्हणायचे? ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो संस्थेत नोकरीवर किंवा कंत्राटावर आहे, त्याला! मग घरची शेती किंवा दुकान सांभाळून, नेमणुकीच्या कागदाशिवाय गावची बातमी पाठवणाऱ्या वार्ताहराचे काय? दलित वस्तीवरचा अन्याय पहिल्यांदा तोच लिहितो. मार खायला तोच पुढे आणि कायद्याच्या व्याख्येत मात्र तोच बाहेर. वर तक्रार खोटी ठरली तर पत्रकारालाच शिक्षा.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नव्हती. त्या काळी आवाज दाबायला जाहिरात नाकारणे पुरत असे; आज गाडी अंगावर घालतात. ज्या तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे, त्याच तळेगावात सत्य बोलणाऱ्याचा दिवसाढवळ्या खून होतो आणि खुनी सापडत नाही, हे आंबेडकरी समाजाने मुकाट्याने पाहायचे काय?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. गावोगावचा वार्ताहर आणि माहिती अधिकाराचा कार्यकर्ता, दोघांनाही कायद्याच्या व्याख्येत घ्या. संरक्षणाच्या अर्जावर ठरावीक मुदतीत लेखी निर्णय द्या. अर्ज दाबून ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला जबाबदार धरा. आणि बांधवांनो, आपल्या गावचा बातमीदार पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जाईल, तेव्हा त्याला एकटे पाठवू नका. एकट्या माणसालाच गाठले जाते.