झाड आणि दोर (भाग 5) : ढील पतंगाला, चढणाऱ्याला नाही

मागच्या भागात फांदी भार पेलेल का, हे खालूनच कसं जोखायचं ते पाहिलं. ठिसूळ गुलमोहर आणि चिवट खिरणी यांतला फरकही पाहिला. आज त्या फांदीवरून सोडलेल्या दोरावर चढायचं.

खुलताबादला खिरण्या उतरवणं असो की छत्रपती संभाजीनगरात पावसाळ्याआधी रस्त्यावरच्या फांद्या छाटणं, आपल्याकडे चढणारा बहुधा अनवाणीच चढतो. कोयता कमरेला, दोर खांद्यावर. तो दोर असतो तोडलेली फांदी हळू खाली सोडायला. स्वतःला बांधायचं मात्र राहून जातं.

दोरावर चढायची सगळी युक्ती एका वाक्यात मावते : वर सरकेल, पण भार आला की धरेल असं काहीतरी दोराला लावायचं. ऑस्ट्रियाच्या कार्ल प्रुसिक यांनी 1931 साली त्यासाठी एक गाठ प्रसिद्ध केली. बारीक दोरीचा बंद फास मुख्य दोराभोवती तीनदा गुंडाळायचा. भार आला की वेढे आवळतात, भार काढला की हाताने वर सरकतात. 11 मिलिमीटरच्या दोरावर 6 किंवा 7 मिलिमीटरची दोरी चालते. दोन्ही सारख्याच जाडीचे असतील तर गाठ नीट धरत नाही. वेढे शेजारीशेजारी बसलेले हवेत, एकमेकांवर चढलेले नकोत.

1958 साली स्वित्झर्लंडच्या युसी आणि मार्टी या दोघांनी हेच काम करणारं यंत्र बनवलं. दोघांच्या आडनावांतून ‘जुमार’ हा शब्द तयार झाला. सह्याद्रीतले गिर्यारोहक दोरावर चढण्याला सरळ ‘जुमारिंग’ म्हणतात. जुमारमधल्या फिरत्या तुकड्याला बारीक दाते असतात. ते दोराच्या वेष्टनात रुततात, म्हणून जुमार वर जातो, खाली येत नाही.

खरा धोकाही या दात्यांतच आहे. शांतपणे लटकलात तर ते निमूट धरतात. हिसका बसला तर साधारण 400 ते 600 किलोच्या ओढीला दोराचं वेष्टन फाडू शकतात. एवढा हिसका बसायला फार उंचीवरून पडावं लागत नाही. जुमार छातीच्याही खाली राहिला, तुम्ही फांदीवर उभे राहिलात आणि पाय सटकला, तर मीटर-दीड मीटर पडणंही पुरतं. संक्रांतीला पतंगाला ढील देतो तशी स्वतःच्या दोराला द्यायची नाही. जुमार कायम डोक्याशी, दोर कायम ताठ.

प्रुसिकची गाठ अशा हिसक्याला बहुधा थोडी घसरते आणि धक्का खाते. पण घसरताना तापते, आणि नायलॉन उष्णतेला कच्चं. म्हणून गाठ धरून झर्रकन खाली यायचं नाही. चढताना हाताची मूठ गाठीच्या माथ्यावर ठेवायची नाही. ऐनवेळी मूठ मिटली तर गाठ आवळतच नाही.

झाड म्हणजे कडा नव्हे. कडुनिंबाचा डिंक आणि आपल्याकडची धूळ दात्यांत बसली की पकड सुटते. ब्रशने दाते साफ ठेवा. दोर फांद्यांमधून तिरका गेला की जुमार पिळवटून निसटू शकतो. त्याच्या वरच्या भोकात एक कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) दोराभोवती घालून ठेवा. जीव एकाच पकडीवर टांगू नका. दोन्ही पकडी हार्नेसला (अंगाला बांधायच्या पट्ट्यांना) स्वतंत्र जोडा : वर जुमार, खाली प्रुसिक. करवत चालवण्याआधी खोडाभोवती आणखी एक बंध घ्या. ताणलेला दोर पात्याच्या नुसत्या स्पर्शानेही तुटतो.

उतरायचं कसं, हे चढण्याआधी ठरवा. भार असताना जुमार उघडत नाही, त्यामुळे डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) सोबत हवाच. आग्या मोहोळ आणि विजेच्या तारा खालूनच पाहून घ्या. खाली एक जाणता माणूस थांबवा. हार्नेसमध्ये निपचित लटकलेला माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो. त्याला उतरवणारं कुणी तिथेच असावं लागतं.

पहिले कितीतरी दिवस जमिनीपासून हातभर उंचीवरच लटका. गाठ बांधा, भार द्या, सोडा, पुन्हा बांधा. शिकवणारा शेजारी असू द्या. हा लेख त्याची जागा घेणार नाही.

पुढच्या आठवड्यात : डिसेंडर आणि उतरण्याची शिस्त.